सिमेंट जागचं हलत नाही, म्हणून कंपनी फिरते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलता बोलता जे निसटलं, ते इथे थोडं नीट करून लिहिलंय.

आजचा विषय सिमेंट. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! मलाही आधी वाटलं होतं की सिमेंटवर काय बोलणार? राखाडी पावडर, पन्नास किलोची गोणी, विषय संपला. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की या गोणीमागे एक अशी गोष्ट आहे, जिच्यात स्वित्झर्लंड आहे, फ्रान्स आहे, सीरियाचं युद्ध आहे, आयसिस आहे आणि आपलं चंद्रपूरसुद्धा आहे. आणि या सगळ्याला बांधणारा धागा अगदी साधा आहे. तोच आधी सांगतो.

सिमेंट बनतं कसं? चुनखडीचा दगड खाणीतून काढायचा, फोडायचा, त्यात थोडी माती मिसळायची, दळायचा आणि लांबलचक फिरत्या भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. त्यातून काळपट, गोट्यांसारखे खडे निघतात. त्यांना म्हणतात क्लिंकर. क्लिंकरमध्ये जिप्सम घालून दळलं की झालं सिमेंट. एक टन सिमेंटला ढोबळमानाने दीड टन चुनखडी लागते.

आता हिशेब करा. माल जड आहे आणि वजनाच्या मानाने स्वस्त आहे. मोबाईल विमानाने जगभर पाठवता येतो, कारण दोनशे ग्रॅममध्ये हजारो रुपये मावतात. सिमेंटचं उलटं. ट्रकमध्ये घालून रस्त्याने फार लांब नेलं, तर मालापेक्षा भाडंच डोईजड होतं. रेल्वेने थोडं लांब जातं, जहाजाने आणखी लांब जातं. पण एकंदरीत सिमेंट जिथे बनतं, त्याच्या आसपासच खपतं. आणि कारखाना कुठे उभा राहतो? जिथे चुनखडी आहे तिथे. डोंगर काही उचलून नेता येत नाही.

मग एखाद्या सिमेंट कंपनीला जगभर धंदा करायचा असेल तर? माल पाठवता येत नाही, म्हणून तिला स्वतःलाच तिकडे जावं लागतं. तिथला कारखाना विकत घ्यायचा, नाहीतर नवा बांधायचा. सिमेंट जागचं हलत नाही, म्हणून कंपनी फिरते. आजच्या भागात हे एक वाक्य लक्षात ठेवा. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आता ओळख करून घेऊ. आपली आजची कंपनी म्हणजे खरं तर दोन कंपन्या. पहिली लाफार्ज. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी ल तेय नावाचं गाव आहे. तिथल्या चुन्याच्या भट्ट्यांचा धंदा १८३३ साली लेआँ पाव्हँ द लाफार्ज यांच्या हातात आला. १८६४ मध्ये या भट्ट्यांना सुएझ कालव्याच्या कामासाठी १ लाख १० हजार टन चुन्याचं कंत्राट मिळालं. म्हणजे परदेशी बांधकामाशी या कंपनीचं नातं दीडशे वर्षांहून जुनं.

दुसरी होल्सिम. स्वित्झर्लंडमधल्या होल्डरबँक नावाच्या गावात १९१२ साली सुरू झाली. बरीच वर्षं गावाचंच नाव लावायची, २००१ मध्ये होल्सिम झाली.

दोघीही एकामागून एक देश पालथे घालत गेल्या. भारतातही आल्या. लाफार्ज १९९९ मध्ये आली, टाटा स्टीलचा सिमेंट व्यवसाय विकत घेऊन. होल्सिम २००५ मध्ये आली आणि एसीसी आणि अंबुजा या दोन्ही नावांमागे तीच जाऊन बसली. आता एसीसी म्हणजे काय, तर १९३६ साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन झालेली आपली कंपनी. मुंबईत चर्चगेटजवळची ‘सिमेंट हाऊस’ ही इमारत तिचीच. आपल्या आजोबांच्या पिढीला एसीसी म्हणजे अस्सल देशी नाव. पण सतरा वर्षं त्या गोणीचा मालक स्विस होता, हे गोणी खांद्यावर वाहणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

२०१५ मध्ये लाफार्ज आणि होल्सिम एकत्र आल्या आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या सिमेंट कंपन्यांपैकी एक तयार झाली. नाव लाफार्जहोल्सिम. २०२१ मध्ये नुसतंच होल्सिम.

इथपर्यंत धंद्याची गोष्ट झाली. आता सीरियाला जाऊ.

२००८ मध्ये लाफार्जने इजिप्तच्या ओरास्कॉम कंपनीचा सिमेंट व्यवसाय विकत घेतला. त्यातून सीरियातला एक प्रकल्प तिच्याकडे आला. जागा उत्तर सीरियात, जलाबिया, तुर्कस्तानच्या सीमेपासून फार लांब नाही. सुमारे ६८ कोटी डॉलर खर्चून तिथे कारखाना उभा राहिला आणि २०१० मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, सीरियात उठाव झाला आणि बघता बघता त्याचं यादवी युद्ध झालं.

इथे जरा थांबून त्या कारखान्याच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एखादी आयटी कंपनी असती तर लॅपटॉप उचलून निघाली असती. तेलाच्या, खाण्यापिण्याच्या बऱ्याच परदेशी कंपन्यांनी २०१२ पर्यंत सीरियातून काढता पाय घेतला. पण ६८ कोटी डॉलरची भट्टी नुकतीच पेटलेली. ती उचलून कुठे नेणार? बंद करून गेलं तर कुणीतरी कब्जा करणार, लुटणार. आणि युद्ध संपलं की पडलेली शहरं पुन्हा बांधायला सिमेंट लागणारच, तेव्हा जो जागेवर असेल त्याची चांदी. लाफार्जने कारखाना चालू ठेवला.

पण चालू ठेवला म्हणजे कुणी ठेवला? २०१२ मध्ये कंपनीने आपले परदेशी अधिकारी, कर्मचारी तिथून बाहेर काढले. भट्टीवर राहिले सीरियन कामगार. ते रोज चौक्या ओलांडून कामावर यायचे. काहींचं अपहरण झालं. पॅरिस, कैरोमध्ये बसून सूचना द्यायच्या आणि जलाबियात माणसांनी भट्टी पेटती ठेवायची, असा सगळा कारभार.

त्या चौक्या कुणाच्या? आधी वेगवेगळ्या सशस्त्र गटांच्या, मग अल कायदाशी जोडलेल्या नुसरा फ्रंटच्या आणि आयसिसच्या. ट्रक आत-बाहेर जायचा तर त्यांची परवानगी हवी. कच्चा माल आणायचा तर तो त्यांच्या ताब्यातल्या भागातून. मग पैसे देणं सुरू झालं. थेट नाही, मध्यस्थांमार्फत.

हे मी ऐकीव सांगत नाहीये बरं का. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात लाफार्जने आणि तिच्या सीरियन उपकंपनीने स्वतः गुन्हा कबूल केला. दहशतवादी संघटनांना मदत पुरवण्याचा कट, हा तो गुन्हा. अमेरिकेत एखाद्या कंपनीवर असा आरोप ठेवला जाण्याची ही पहिली वेळ. ऑगस्ट २०१३ ते ऑक्टोबर २०१४ या काळात आयसिस आणि नुसरा फ्रंटला मिळून सुमारे ५९ लाख २० हजार डॉलर गेले. आणि तेवढ्या काळात सीरियन उपकंपनीने सिमेंट विकून सुमारे ७ कोटी डॉलर मिळवले. दंड आणि जप्ती मिळून कंपनीला ७७ कोटी ७८ लाख डॉलर भरावे लागले.

अमेरिकेच्या न्याय खात्याने मांडलेल्या तपशिलातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे, पुढे पुढे हे पैसे नुसते चौकीवरची ‘चिरीमिरी’ राहिले नव्हते. जितकं सिमेंट विकलं जाईल, त्या प्रमाणात आयसिसला हिस्सा, अशी व्यवस्था झाली. म्हणजे धंदा वाढला तर दोघांचा वाढणार. शिवाय तुर्कस्तानातून येणारं स्वस्त सिमेंट रोखायला किंवा त्यावर कर बसवायला आयसिसचा उपयोग होईल, हेही हिशेबात धरलेलं होतं. आणि दुसरी गोष्ट, करारांच्या कागदांवर ‘लाफार्ज’ हे नाव येऊ नये म्हणून अधिकाऱ्यांची धडपड चाललेली होती. नाव नको म्हणणारा माणूस आपण काय करतोय हे जाणून असतो, नाही का?

मग शेवट काय झाला? १९ सप्टेंबर २०१४ ला आयसिसने तो कारखाना ताब्यात घेतला. एवढे पैसे देऊनही. त्या दिवशी आत जे सीरियन कर्मचारी होते, त्यांना मिळेल त्या गाडीने स्वतःच जीव वाचवून निघावं लागलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. मागे राहिलेलं सिमेंटही आयसिसने विकलं. त्याची किंमत न्याय खात्याने सुमारे ३२ लाख डॉलर धरली आहे. पुढे आयसिस हटल्यावर अमेरिकी सैन्याने त्याच जागेवर तळ ठोकला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथून निघताना मागे राहिलेला दारूगोळा आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकून उडवला. शहरं बांधण्यासाठी उभारलेल्या कारखान्याची नऊ वर्षांत ही गत.

न्यायालयाची वाट कुणी धरली, हेही ऐका. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये शेर्पा ही फ्रेंच संस्था, ईसीसीएचआर ही बर्लिनची संस्था आणि त्यांच्यासोबत ११ माजी सीरियन कर्मचारी यांनी पॅरिसमध्ये तक्रार दिली. अकरा कामगार, तेही युद्धातून बाहेर पडलेले, जगातल्या बलाढ्य कंपनीविरुद्ध. २०१७ मध्ये विलीन कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी एरिक ओल्सन यांना पद सोडावं लागलं. २०१८ मध्ये लाफार्जवर फ्रान्समध्ये औपचारिक आरोप ठेवले गेले. त्यात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात साथ दिल्याचा आरोपही होता. वरच्या न्यायालयांमध्ये तो कधी रद्द झाला, कधी परत आला आणि जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दहशतवादाला पैसा पुरवल्याचा वेगळा खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाला, कंपनीवर आणि तिच्या माजी अधिकाऱ्यांवर. तेव्हाचे प्रमुख ब्रुनो लाफाँ यांनी आरोप नाकारले आहेत. होल्सिमचं म्हणणं असं की हे सगळं विलीनीकरणाच्या आधीचं आहे आणि लाफार्जच्या माणसांनी ते आमच्यापासून लपवून ठेवलं.

पण जानेवारी २०२४ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट घडली. कामगारांचा जीव धोक्यात घातल्याचा जो आरोप होता, तो न्यायालयाने काढून टाकला. कारण? सीरियात काम करणाऱ्या त्या कामगारांना फ्रेंच कामगार कायदा लागू होत नाही.

नीट ऐकलंत ना? ज्या कामगारांच्या तक्रारीवरून हे सगळं उभं राहिलं, नेमका त्यांच्या जिवाचा प्रश्न कायद्याच्या कुंपणाबाहेर गेला. निर्णय पॅरिसमध्ये होत होते, नफा पॅरिसच्या ताळेबंदात जात होता, पण नोकरीचं पत्र सीरियन होतं. पैसा सीमा ओलांडतो, हुकूम सीमा ओलांडतो. संरक्षण मात्र नाक्यावरच थांबतं.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “अरे दादा, कारखाना बंद केला असता तर त्या कामगारांचं पोट कुणी भरलं असतं?” रास्त प्रश्न आहे. युद्धाच्या काळात पगार मिळणं ही छोटी गोष्ट नव्हे आणि कामगारांपैकी बऱ्याच जणांना ती नोकरी हवीच होती. पण मला विचाराल तर पोटाची काळजी खरी की नुसती बोलण्यापुरती, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. धोका वाढला तेव्हा कुणाला आधी बाहेर काढलं? परदेशी माणसांना काढता आलं, म्हणजे धोका किती आहे ते कंपनीला कळत होतं. कारखाना बंद ठेवून काही महिने पगार द्यायचा मार्गही होता. तो ५९ लाख डॉलरपेक्षा महाग पडला असता का, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि ज्यांना नोकरी नव्हती, चौकी नव्हती, फक्त आयसिसच्या वाटेत घर होतं, त्यांचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या चारशेहून अधिक याझिदींनी लाफार्जवर भरपाईचा दावा लावला. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या नादिया मुराद त्यात आहेत. चौकीवर दिलेला पैसा पुढे कुणाच्या दारात पोचतो, ते या नावावरून कळतं.

बरं, आता घरी येऊ. लाफार्जचा भारतातला व्यवसाय २०१६ मध्ये निरमाने घेतला. आणि मे २०२२ मध्ये होल्सिमने जाहीर केलं की आपण भारतातून बाहेर पडतोय. अंबुजा आणि एसीसीमधला सगळा हिस्सा अदानी समूहाला, सुमारे ६.४ अब्ज स्विस फ्रँकना. सप्टेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. सतरा वर्षांचा संसार चार महिन्यांत आवरला.

यात बेकायदा काही नाही आणि सीरियाशी याची तुलना मी करत नाहीये. मला फक्त ते सुरुवातीचं वाक्य पुन्हा आठवायचंय. चंद्रपूर जिल्ह्यात जा. घुग्घूसला एसीसीचा कारखाना, कोरपना तालुक्यात उप्परवाहीला अंबुजाचा. शेजारी आवारपूर, गडचांदूर इथे इतर कंपन्यांचे. सगळा पट्टाच चुनखडीचा. २०२२ मध्ये झूगच्या कार्यालयातून सही झाली, अहमदाबादला मालकी आली. उप्परवाहीत काय बदललं? डोंगर तिथेच, खाण तिथेच, सुरुंगाचा आवाज तोच, छतावरची धूळ तीच. मालक विमानाने गेला, गाव राहिलं. कंपनी फिरते, पण तिच्यासाठी काम करणारा आणि तिच्या शेजारी राहणारा माणूस सिमेंटसारखाच जागच्या जागी असतो.

म्हणून तुम्ही कुठल्याही खाणीच्या, कारखान्याच्या शेजारी राहत असाल, तर मालकाच्या नावापेक्षा तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. या तिन्ही मोबाईलवरून सुरू करता येतात.

पहिली, जनसुनावणी. नवी खाण किंवा मोठा विस्तार होणार असेल तर पर्यावरण मंजुरीआधी बहुतेक प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यायची असते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. तो मागा, वाचा, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका.

दुसरी, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ पासून खाणपट्टाधारकाला रॉयल्टीशिवाय आणखी ठरावीक रक्कम या निधीत भरावी लागते. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात दिलेल्या नव्यांना १० टक्के. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी आहे. तुमच्या गावात त्यातून काय झालं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरी, कंत्राटी कामगार. तुमचा दादा, काका, मित्र कंत्राटदाराकडे असेल, तर त्याचं हजेरीकार्ड, पगारपावती, पीएफ नंबर यांचे फोटो काढून ठेवा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, असं आपला कायदा १९७० पासून सांगतो. पण मी तिथे काम करत होतो हे दाखवायला कागद लागतो. त्या अकरा सीरियन कामगारांचं बळही तेच होतं. आपण तिथे होतो, हे ते सांगू शकले.

मला या सगळ्या गोष्टीत त्या अकरा जणांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. त्यांच्या जिवाचा मुद्दा कायद्याने बाजूला काढला, तरी त्यांनी लावलेलं दार उघडंच राहिलं आणि त्याच दारातून पुढचे खटले आत आले.

तर मित्रांनो, तुमच्या गावाजवळ सिमेंटचा कारखाना किंवा खाण असेल, घरात कुणी तिथे काम करत असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. मालक बदलला तेव्हा तुमच्याकडे काय बदललं आणि काय तसंच राहिलं, एवढं सांगा. जमलं तर पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच आवाजात ऐकवेन. भाग आवडला तर त्या मित्राला पाठवा, जो सध्या घर बांधतोय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!